दातांचे उपचार : सार्वजनिक रुग्णालयात घ्यावेत की खासगी दवाखान्यात?

सार्वजनिक दंतसेवा घ्यावी की खासगी, हा प्रश्न बहुतेकांना दाढ ठणकू लागल्यावरच पडतो आणि निर्णय घेण्यास त्याहून वाईट वेळ दुसरी नसते. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेला माणूस सकाळी जवळचा दवाखाना गाठतो, तेथे जे सुचवले जाईल त्याला मान हलवतो आणि झालेल्या खर्चाचा किंवा गमावलेल्या दाताचा विचार नंतर सावकाश करतो. त्यामुळे पुढील मजकूर शक्यतो काही दुखत नसताना वाचावा. आयुष्यभरासाठी एकाच व्यवस्थेला बांधून घेण्याचे कारण नाही. निवड प्रत्येक उपचारापुरती करावी, हे त्यातले मुख्य म्हणणे आहे. मात्र त्यासाठी एक भेद मनात पक्का असावा लागतो. दाताला नेमके काय झाले आहे हे समजून घेणे, म्हणजे निदान, ही एक गोष्ट झाली. त्यावर इलाज कोठे, कधी आणि कोणाकडून करून घ्यायचा ही दुसरी. या दोन्ही गोष्टी एकाच खुर्चीत, एकाच बैठकीत उरकल्या जातात तेव्हा रुग्णाच्या हाती निवड अशी काही उरतच नाही.

निवड करत बसू नये असे प्रसंग

गालावर किंवा जबड्याखाली झपाट्याने वाढणारी सूज, सोबत ताप, तोंड पुरते न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना होणारा त्रास, यांपैकी काहीही दिसल्यास दंतवैद्याची वेळ मिळवण्याच्या खटपटीत न पडता थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. दाताच्या मुळाशी झालेला संसर्ग मानेत उतरला तर श्वासमार्ग दबू शकतो, आणि अशा रुग्णाला शिरेतून औषधे, शस्त्रक्रिया व भूलतज्ज्ञ यांची गरज लागते. दातांच्या साध्या दवाखान्यात, तो कोणाचाही असो, ही सोय नसते. जबडा मोडल्याची शंका आणि न थांबणारा रक्तस्राव यांनाही हेच लागू आहे.

पक्का दात मुळासकट निखळून पडला असेल तर मात्र जो दंतवैद्य सर्वांत लवकर गाठता येईल तोच योग्य. मुळाला बोट न लावता दात वरच्या पांढऱ्या भागाने धरावा, मळला असल्यास क्षणभर धुवावा आणि जमल्यास लगेच खाचेत बसवावा, नाहीतर दुधात बुडवून न्यावा. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत लवकर मरत असल्याने पहिला अर्धा ते एक तास मोलाचा असतो. दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवायचा नसतो.

साध्या ठणक्यासाठी जेथे आधी जागा मिळेल तेथे जावे, पण त्या दिवशी वेदना थांबवण्यापुरताच उपचार घ्यावा. पू बाहेर काढून देणे, नस काढून दात तात्पुरता भरणे, किंवा वाचण्याची शक्यताच नसलेला दात काढणे, एवढे त्यासाठी पुरते. केवळ प्रतिजैविकांच्या गोळ्या घेऊन घरी बसणे हा उपचार नव्हे. सूज ओसरते, दुखणे थांबते, परंतु संसर्गाचे मूळ दातात तसेच राहते आणि काही आठवड्यांनी पुन्हा डोके वर काढते. वेदना थांबली की पुढचे ठरवण्यास काही दिवस हाताशी येतात. ते दिवस वापरावेत.

दोन्ही व्यवस्थांची घडण

दंतवैद्यक हे सामान्य वैद्यकापासून बाजूला राहून वाढले. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे दंतशस्त्रक्रियेचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले, आणि हळूहळू दंतवैद्यांचे शिक्षण, त्यांचे परवाने, त्यांचे दवाखाने आणि पुढे दातांचा विमाही निराळा झाला. या फारकतीचे ओझे रुग्ण अजून वाहतो, कारण इतर आजारांच्या बाबतीत उदार असलेल्या सार्वजनिक व्यवस्थाही दातांपाशी हात आखडता घेतात. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली तेव्हा दंतोपचारही विनामूल्य होते. पण मागणीचा लोंढा असा आला की १९५१ मध्ये कवळ्यांवर आणि १९५२ मध्ये दंतोपचारांवर शुल्क लागू करावे लागले. सार्वजनिक म्हणजे पूर्णपणे मोफत, आणि सार्वजनिक म्हणजे सगळे काही मिळणारे, ही दोन्ही गृहीतके म्हणूनच सोडून द्यावीत.

आपल्या वाट्याची सार्वजनिक सेवा नेमकी कशी आहे हे आधीच विचारून ठेवावे. कोणत्या वयाच्या, उत्पन्नाच्या किंवा आजाराच्या रुग्णांना सवलत आहे. दात काढणे व भरणे यांपलीकडे रूट कॅनॉल (दाताच्या मुळातील नलिका साफ करून भरणे), कॅप (दातावर बसवायचे टोपण), कवळी यांतले काय केले जाते. तपासणीची तारीख किती दिवसांनी मिळते आणि उपचाराची त्यानंतर किती दिवसांनी, हे तीन मुद्दे कळले तरी अर्धे चित्र स्पष्ट होते. शेवटच्या मुद्द्यात फसगत होण्याचा संभव अधिक असतो, कारण तपासणी लगेच होते आणि खरी रांग त्यानंतर सुरू होते.

सार्वजनिक सेवेत एक प्रकार वेगळा काढून सांगावासा वाटतो, तो म्हणजे दंत महाविद्यालयाचे रुग्णालय. तेथे विद्यार्थी उपचार करतात हे ऐकून पुष्कळजण मागे फिरतात. वास्तविक विद्यार्थ्याच्या कामाचा टप्पा शिक्षकाने तपासून मान्य केल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही, आणि इतकी बारीक तपासणी एकट्याने चालवलेल्या दवाखान्यात कोणी करत नाही. शिवाय हिरड्या, मुलांचे दात, वाकडे दात, जबड्याच्या शस्त्रक्रिया, तोंडातील त्वचेचे आजार अशा सर्व शाखांचे तज्ज्ञ एका छताखाली असतात. किंमत मोजावी लागते ती वेळेची : खासगीत एका बैठकीत होणाऱ्या कामाला तेथे तीन-चार बैठका लागू शकतात आणि प्रत्येक बैठक लांबते. ज्याला कामावरून सुटी मिळत नाही, त्याच्यासाठी ही स्वस्ताई तितकी स्वस्त राहत नाही. बुडालेली मजुरी व प्रवासखर्च हिशेबात धरूनच तुलना करावी.

दोन्हीकडच्या उणिवा माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा पैशाच्या व्यवहारात शोधाव्यात. खासगी दंतवैद्याला प्रत्येक कामाचे पैसे मिळतात, त्यामुळे जास्त काम करण्याकडे त्या व्यवस्थेचा ओढा असतो. केवळ वरच्या आवरणात उमटलेला पांढुरका डाग, जो फ्लोराइड आणि नीट घासण्याने थांबू शकतो, तोही कोरून भरला जाण्याची शक्यता तेथे अधिक. सार्वजनिक दवाखान्यात गर्दी मोठी आणि वेळ थोडा, त्यामुळे ओढा उलट दिशेचा असतो. दोन-तीन बैठका देऊन वाचवता आला असता असा दात एका बैठकीत काढून मोकळे होणे तेथे घडू शकते. दोन्हीकडे उत्तम व प्रामाणिक दंतवैद्य असतात, हे खरेच. तरीही खासगीत ‘हे आत्ता केले नाही तर काय होईल?’ आणि सार्वजनिक ठिकाणी ‘हा दात वाचवण्याचा काही मार्ग आहे का?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा.

कोणत्या उपचारासाठी कोठे जावे

सर्वांत अवघड निवड खोल किडलेल्या दाढेची असते, म्हणून तिच्यावर जरा थांबू. दाढ काढणे जवळपास प्रत्येक सार्वजनिक दवाखान्यात होते आणि ते झटपट संपते. मात्र काढलेल्या दाढेच्या जागी पुढे काही बसवले नाही तर शेजारचे दात त्या फटीकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात हळूहळू बाहेर सरकतो आणि चावण्याची सवय एकाच बाजूला पडते. रूट कॅनॉलमध्ये दाढ राहते, पण ते काम नाजूक असते. पुढच्या दातात सहसा एकच नलिका असते; वरच्या पहिल्या दाढेत मात्र अनेकदा चार असतात, आणि त्यांतली एखादी सुटली तर संसर्ग परत येतो. शिवाय नलिका भरल्यावर काम संपले असे समजू नये. पोखरलेली दाढ चावताना तडकू नये म्हणून तिच्यावर बहुधा कॅप बसवावी लागते आणि एकूण खर्चातला मोठा वाटा तिचाच असतो.

अशा वेळी पुढील क्रमाने विचार करावा. प्रथम हिरडीच्या वर निरोगी दात किती उरला आहे हे विचारावे, कारण कॅपला धरायला काही नसेल तर कितीही चांगले रूट कॅनॉल वाया जाते, आणि तेथे दात काढण्याचा सल्ला हाच प्रामाणिक सल्ला असतो. दात वाचण्याजोगा असेल तर सार्वजनिक रुग्णालयात दाढेचे रूट कॅनॉल होते का आणि ते किती आठवड्यांत पूर्ण होईल हे पाहावे. तेथे रूट कॅनॉल होते पण कॅप मिळत नाही, अशी स्थिती असेल तर पहिले काम तेथे आणि कॅप खासगीत, अशी विभागणी करता येते. दोन्ही दंतवैद्यांना ते आधी सांगितलेले बरे. खासगीतच सर्व करायचे ठरले तर उपचाराच्या वेळी लाळ आत जाऊ नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावला जातो का, हे विचारण्यास संकोच करू नये. काळजीपूर्वक काम करण्याची ती एक ठळक खूण आहे.

साधी कीड भरून घेणे दोन्हीकडे सारखेच चांगले होऊ शकते. तेथे लवकर कोठे होईल एवढेच पाहावे, कारण लहान खड्डा वाट पाहताना मोठा होतो. भरण्याच्या पदार्थात मात्र फरक पडू शकतो. चांदीसारखे दिसणारे पाऱ्याचे मिश्रण टिकाऊ असले तरी पाऱ्याचा वापर घटवण्याच्या २०१३ सालच्या मिनामाता करारानंतर ते जगभर मागे पडत चालले आहे. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट दिसायला चांगले असते, पण ते भरताना दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो, आणि घाईगर्दीत तेच साधत नाही. जुने चांदीचे भरण धड असेल तर केवळ रंगासाठी ते उकरून काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक वेळी उकरताना थोडा निरोगी दातही जातो.

मुलांसाठी आधी सार्वजनिक सेवा पाहावी, कारण जेथे सवलती आहेत तेथे त्या बहुधा मुलांपासून सुरू होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली पक्की दाढ येते आणि अनेक पालक तिला दुधाचीच समजून दुर्लक्ष करतात. तिच्या खाचा बुजवणारे सीलंट आणि फ्लोराइडचा लेप ही कामे सोपी असतात व दोन्हीकडे नीट होतात. घाबरणाऱ्या लहान मुलाची कीड ड्रिलशिवाय थांबवण्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव वापरता येते. किडलेला भाग त्याने काळा पडतो, पण कीड पुष्कळदा थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. त्यामुळे भूल देऊन दात काढण्याची गोष्ट निघाली तर हा पर्याय चालेल का, असे विचारायला हरकत नाही.

तारा लावून दात सरळ करणे सार्वजनिक सेवेत मिळाले तर ते साधारणपणे दोष किती गंभीर आहे त्यावर आणि वयावर अवलंबून असते. केवळ दिसण्यासाठी असेल तर खासगीचाच मार्ग उरतो. हे काम दीड-दोन वर्षे चालते, म्हणून घरापासूनचे अंतर आणि तोच दंतवैद्य शेवटपर्यंत असण्याची शक्यता यांना खर्चाइतकेच महत्त्व द्यावे. आडवी अडकलेली अक्कलदाढ जबड्याच्या शल्यचिकित्सकाकडेच द्यावी, आणि ते मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात सहज भेटतात. पूर्ण कवळीला पाच-सहा फेऱ्या आणि बसवल्यानंतरही टोचणाऱ्या जागा घासून घेण्याच्या काही फेऱ्या लागतात. ज्याच्याकडे वेळ आहे अशा निवृत्त माणसाला दंत महाविद्यालय यासाठी फार सोयीचे.

इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या मुळाऐवजी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, बहुतेक ठिकाणी खासगीतच होतो. जबड्याच्या हाडाला तो पक्का धरण्यासाठी अनेकदा तीन ते सहा महिने द्यावे लागतात, त्यानंतर त्यावर दात चढतो, आणि त्याच्याभोवतीच्या हिरडीची निगा कायम राखावी लागते. बसवलेल्या इम्प्लांटची कंपनी, प्रकार व माप लिहिलेला कागद मागून घ्यावा. दहा वर्षांनी त्याचा स्क्रू सैल झाला आणि दवाखाना बंद झालेला असला तर दुसऱ्या दंतवैद्याला तेवढाच आधार असतो.

दोन प्रकारच्या रुग्णांनी मात्र मोठ्या रुग्णालयाशी जोडलेल्या दंतविभागाला प्राधान्य द्यावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे, हृदयाची कृत्रिम झडप, हाडांच्या विकारासाठी किंवा कर्करोगात दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे, नियंत्रणात नसलेला मधुमेह, असे काही असेल तर साधा दात काढण्याआधीही दोन डॉक्टरांचे एकमेकांशी बोलणे आवश्यक असते. अशी औषधे रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नयेत. दुसरा प्रकार म्हणजे तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा गाठ असलेला रुग्ण. त्याने दात घासूनपुसून घेण्याच्या नादी न लागता जेथे तुकडा काढून तपासण्याची सोय आहे तेथेच जावे, मग तो दुखत असो वा नसो.

खासगी दवाखान्यात जाताना

पहिल्या भेटीत होकार देण्याऐवजी उपचाराचा आराखडा लिहून मागावा. त्यात दाताचा क्रमांक, निदान, सुचवलेला उपचार, त्याला असलेले पर्याय, बैठकांची संख्या आणि एक्स-रे, प्रयोगशाळेचे काम व कॅप धरून एकूण रक्कम असावी. कॅप कशाची आहे आणि ती निघाली किंवा तुटली तर काय केले जाईल, हेही लिहून घ्यावे. एकाच भेटीत सात-आठ दातांवर काम सुचवले गेले आणि त्यांतला एकही दुखत नसेल, तर एक्स-रे घेऊन दुसरे मत अवश्य घ्यावे. हे दुसरे मत सार्वजनिक रुग्णालयात थोडक्या पैशांत मिळते आणि तेथे ते देणाऱ्याला तुमच्या निर्णयातून काही मिळवायचे नसते. या कारणासाठी, उपचार खासगीत घेणाऱ्यानेही सार्वजनिक दवाखान्याचा दरवाजा विसरू नये. आज घेतलाच पाहिजे असा सवलतीचा दर सांगून सर्व रक्कम आगाऊ मागणाऱ्या ठिकाणी मी तरी परत जाणार नाही. काम होईल तसे टप्प्याटप्प्याने पैसे देणे रास्त असते.

स्वच्छतेबाबत भपक्यावर जाऊ नये. अवजारे ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या बंद पाकिटात असावीत, पाकिटावरची रंग बदलणारी खूण बदललेली असावी आणि ते तुमच्यासमोर उघडले जावे. जुनाट इमारतीतील सार्वजनिक दवाखान्यातही हे पाळले जात असते आणि चकचकीत दवाखान्यातही टाळले जात असते. तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय कळत नाही.

किती वेळा तपासणीला जावे, यावर दर सहा महिन्यांनी हे उत्तर सवयीने दिले जाते. इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्था नाइस हिने २००४ साली हे अंतर रुग्णाच्या धोक्यानुसार ठरवावे असे सांगितले : प्रौढांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, अठरा वर्षांखालील मुलांसाठी तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत. वर्षानुवर्षे कीड नाही, हिरड्यांतून रक्त नाही, तंबाखू नाही, अशा माणसाने वर्षातून एकदा सार्वजनिक दवाखान्यात दाखवले तरी पुरेसे ठरू शकते. उलट हिरड्यांच्या आजाराला तीन-चार महिन्यांनी पुन्हा पुन्हा सफाई लागते, आणि तेथे जो दवाखाना तुम्ही खरोखर नियमितपणे गाठू शकाल तोच चांगला.

एकीकडून दुसरीकडे जाताना

ज्यांना दोन्हीकडच्या सेवा वापरायच्या आहेत त्यांनी कागदपत्रे स्वतःजवळ ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी. एक्स-रेची मूळ डिजिटल प्रत मागावी. मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो दुसऱ्या दंतवैद्याच्या फारसा उपयोगी पडत नाही. तारीख, केलेले काम, वापरलेला पदार्थ आणि औषधांची ॲलर्जी यांची नोंद एका वहीत ठेवली तर त्याच त्या एक्स-रेचे पैसे पुन्हा भरावे लागत नाहीत.

उपचार अर्धवट असताना ठिकाण बदलणे शक्यतो टाळावे, विशेषतः रूट कॅनॉलच्या मध्यावर. बदलावेच लागले तर किती नलिका सापडल्या, प्रत्येकीची लांबी किती मोजली, आत कोणते औषध ठेवले आहे आणि तात्पुरते भरण कोणत्या तारखेचे आहे, एवढे लिहून घेऊनच निघावे. ते तात्पुरते भरण थोड्या आठवड्यांसाठीच असते. त्यातून लाळ झिरपू लागली की आतले सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. त्यामुळे दुसऱ्या ठिकाणची तारीख हातात आल्यावरच पहिले ठिकाण सोडावे, आणि ती तारीख महिन्याच्या पुढची असेल तर जाण्याआधी पहिल्या दंतवैद्याकडून ते भरण एकदा पक्के करून घ्यावे.